दीड हजारांचा डबा घ्यावा का?

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा असून पाचवीत शिकतो. त्याची उंची १३८ सेंटिमीटर आणि वजन ४७ किलो आहे. जन्मला तेव्हा जेमतेम दोन किलोचा होता, आठवडाभर काचेच्या पेटीत ठेवावा लागला होता. त्यामुळे आम्ही त्याला जपून आणि भरपूर खाऊ घालूनच वाढवले. आता शाळेत मुले चिडवतात, थोडे धावला तरी धाप लागते, आणि मान मागच्या बाजूने काळी पडली आहे. कितीही घासली तरी निघत नाही. माझे धाकटे दीर तालुक्याला औषधांच्या दुकानात कामाला आहेत. त्यांनी प्रोबायोटिक कॅप्सूलचा एक डबा आणून दिला आहे. पोटातले चांगले जंतू वाढले की चरबी आपोआप उतरते, मात्र तीन महिने सलग द्यावे लागेल, असे ते सांगतात. एका डब्याला दीड हजार रुपये पडतात. सासूबाई म्हणतात, "खात्यापित्या घरचं लेकरू हाय, त्याले नजर नोका लावू." दही-ताकाने अंग सुटते, म्हणून ते बंद करावे का, असेही वाटते. डबा सुरू करू का?
– एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

पुढचे दोन डबे घेऊ नका. आणलेल्या डब्याचे काय करायचे ते शेवटी सांगतो, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो डबा नाही, मुलाची मान आहे.

मानेवर, काखेत किंवा कोपराच्या घडीत कातडी जाडसर, मखमलीसारखी आणि काळपट होते तेव्हा बहुतेक आयांना तो मळ वाटतो. मग वज्री, लिंबू, बेसन असे सगळे उपाय होतात, लेकराची मान लाल होते आणि काळेपणा तिथेच राहतो. हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करू लागते, आणि रक्तात वाढलेल्या त्या इन्सुलिनमुळे त्या भागातली कातडी अशी जाड व काळी होते. याचा अर्थ मुलाला मधुमेह झाला असा नाही, परंतु त्या दिशेने पावले पडत असल्याची ही खूण असू शकते. त्यामुळे घासणे आजच थांबवा आणि तपासणी मात्र लांबवू नका.

आता वजनाचे. किलोमधले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स निघतो. तुमच्या मुलाचा तो साधारण २४.७ येतो. मोठ्या माणसाच्या मानाने हा आकडा फार वाटणार नाही, पण मुलांसाठी वयानुसार निराळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात मोठ्यांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिलीच्या वर जादा वजन आणि दुसरीच्या वर लठ्ठपणा, असे मानतात. दहा वर्षांच्या मुलासाठी २४.७ हा आकडा त्या दुसऱ्या रेषेच्याही बराच वर जातो. तेव्हा हे बाळसे नाही, आणि वयात आल्यावर आपोआप झडेल या भरवशावर राहण्यासारखेही नाही. एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. त्याची उंची वयाच्या मानाने ठीक आहे. थायरॉइडसारख्या हार्मोनच्या आजारामुळे वजन वाढते तेव्हा बहुधा उंचीची वाढही खुंटते. लठ्ठ असून उंची बरोबर वाढणाऱ्या मुलामध्ये तसा आजार निघण्याची शक्यता कमी असते.

दिरांच्या सांगण्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि वजनाशी त्यांचा काही संबंध असावा, या कल्पनेला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, की लठ्ठ उंदराच्या आतड्यातले जिवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले, तर सडपातळ उंदराचे जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या अंगावर अधिक चरबी चढते. त्यानंतर या विषयाला बहर आला. पण माणूस काही पिंजऱ्यात एकच खाद्य खाऊन राहत नाही, आणि उंदरांमध्ये जे स्वच्छ दिसले ते माणसांवरच्या अभ्यासांत तितके स्वच्छ दिसलेले नाही. काही अभ्यासांत थोडा फायदा आढळतो, काहींत काहीच आढळत नाही.

मुलांवरचा एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे, कारण अशा कॅप्सूलच्या जाहिराती ज्या प्रकारच्या संशोधनावर बेतलेल्या असतात त्यापैकीच तो आहे. इटलीतील संशोधकांनी ६ ते १८ वर्षांच्या १०० लठ्ठ मुलामुलींवर केलेले हे काम २०२० मध्ये युरोपातील अंतःस्रावशास्त्राच्या परिषदेत मांडले गेले. काहींना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह या जिवाणूचे दोन ठरावीक वाण आठ आठवडे दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली मात्रा दिली. जिवाणू मिळालेल्या मुलांचा कमरेचा घेर, बॉडी मास इंडेक्स आणि इन्सुलिनला दाद न देण्याचा दोष कमी झाल्याचे त्यांनी सांगितले. जाहिरात इथेच थांबते. वस्तुस्थिती अशी, की दोन्ही गटांतल्या सगळ्या मुलांचा आहार मोजूनमापून ठरवून दिलेला होता. म्हणजे आहार बदलल्यावर त्यात कॅप्सूलने काही भर पडते का, हे तिथे तपासले होते. आहार तसाच ठेवून नुसत्या कॅप्सूलने चरबी उतरते, असे त्या अभ्यासानेसुद्धा म्हटलेले नाही. शिवाय आठ आठवडे हा काळ वजनाच्या बाबतीत काहीच नाही, आणि अधिक मुलांवर व अधिक काळ अभ्यास व्हायला हवा, हे कोणीही जाणकार मान्य करील.

दुसरी अडचण अशी, की "प्रोबायोटिक" हे एका औषधाचे नाव नाही. पुरेशा मात्रेत दिल्यावर आरोग्याला उपयोगी पडतील अशा जिवंत सूक्ष्मजीवांना ते सामाईक नाव आहे, आणि गुण असतो तो एकेका वाणाचा. आपण कपाशीचे बियाणे घेताना नुसते "कपाशी द्या" म्हणत नाही, वाण विचारतो, पाकिटावरची तारीख पाहतो. इथेही तेच लागू आहे. जुलाबात ज्या छोट्या कुप्या देतात त्यांतला जिवाणू वेगळा, इटलीच्या अभ्यासातला वेगळा, आणि तुमच्या डब्यातला कदाचित तिसराच. डब्यावर जिवाणूचे नुसते कुळाचे नाव छापले आहे की त्यापुढे वाणाचा क्रमांकही दिला आहे, ते पाहा. तो नसेल, तर कोणत्या संशोधनाच्या जोरावर दावा केला आहे हे कोणालाही ताडून पाहता येणार नाही. त्याच डब्यावर बारीक अक्षरांत "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ बहुधा सापडेल. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर ती छापावी लागते, कारण कायद्याच्या दृष्टीने ते खाद्य आहे, लठ्ठपणाचे औषध नाही.

आणि आपल्याकडचे ऊन! लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम या जातीचे जिवाणू उष्णतेला फार नाजूक असतात, म्हणून अशा बऱ्याच डब्यांवर थंड जागी ठेवण्याची सूचना असते. एप्रिल-मे महिन्यांत अकोला, चंद्रपूर, यवतमाळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. माल ट्रकमधून येतो, टिनाच्या छपराखाली पडून राहतो, त्यात भारनियमनाने दुकानातला फ्रिजही बंद पडतो. कारखान्यात भरलेले जिवाणू तुमच्या घरी पोहोचेपर्यंत किती जिवंत राहिले, हे दुकानदारही सांगू शकत नाही. बीजाणूच्या रूपात असलेले बॅसिलस जातीचे जिवाणू मात्र उष्णतेत चांगले तग धरतात.

दही-ताकाबद्दलचा तुमचा संशय मनातून काढून टाका. ताकाने अंग सुटत नाही. लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांश थोडाच उरतो, आणि चिमूटभर मीठ व जिरेपूड घातलेले पेलाभर ताक हे शाळेतून आल्यावर मुलाला द्यायचे सर्वांत चांगले पेय आहे. घरच्या विरजणातही जिवंत जिवाणू असतात. ते कोणत्या वाणाचे आणि किती, हे मोजलेले नसते, म्हणून शास्त्राच्या काटेकोर भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही, आणि ताकाने वजन उतरेल असेही मी म्हणणार नाही. मात्र ते थंड्याच्या बाटलीची जागा घेते, हा त्याचा खरा उपयोग आहे. दह्यात दोन चमचे साखर घालून देण्याची सवय असेल तर ती सोडा, आणि बाजारात मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांतल्या गोड "प्रोबायोटिक" पेयांच्या नादी लागू नका. त्यांच्यात साखर किती आहे ते बाटलीवर छापलेले असते, एकदा वाचून पाहा. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करत असाल तर तीही मीठ-ताकाचीच द्या, गुळाची नको.

पोटातल्या जिवाणूंची खरोखर काळजी असेल, तर त्यांना खायला काय मिळते याकडे पाहायला हवे. आपल्याला न पचलेला तंतुमय भाग मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले तयार होतात. बाहेरून कितीही जिवाणू आणून सोडले आणि खाली मैदा व साखरच जात राहिली, तर ते टिकायचे कशावर? आपल्या भागात या बाबतीत एक मोठा बदल गेल्या तीसएक वर्षांत झाला. ज्वारीची शेते सोयाबीनने घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आले, आणि ज्या घरात दोन्ही वेळ ज्वारीची भाकर होती तिथे आता सकाळी पोळी, रात्री भात आणि मधल्या वेळेला बिस्किटे असतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ते ३ ग्रॅमही भरत नाहीत. तूर, हरभरा, बरबटी, वालाच्या शेंगा, अंबाडीची भाजी, मेथी, जवसाची चटणी हे सगळे तंतूंनी भरलेले आहे आणि यातले बरेचसे तुमच्या शेताच्या बांधावरच असेल. रात्रीच्या भाताऐवजी एक भाकर, घट्ट वरण आणि एखादी पालेभाजी एवढा बदल केला, तरी दीड हजारांच्या डब्यापेक्षा त्या जिवाणूंवर अधिक उपकार होतील. चटणीवर तेल ओतताना हात मात्र आखडता घ्या. आपल्या वऱ्हाडी घरांत तर्रीशिवाय भाजी भाजी वाटत नाही, आणि तिथेच गडबड होते.

तुम्ही पत्रात लिहिले नाही, पण दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात मुलगा काय खातो हे मला सर्वांत आधी विचारायचे आहे. शाळेतल्या पोषण आहाराच्या खिचडीने मुले लठ्ठ होत नाहीत. तुम्ही दोघे वेचणीला किंवा सोंगणीला गेलेले असता, मुलगा दप्तर टाकतो, आजी किंवा घरातले कोणी लाडाने दहा रुपये हातावर ठेवते, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून पाच-पाच रुपयांचे दोन पुडे येतात, सोबत मोबाईल असतो, सहाला चहासोबत अर्धा बिस्किटाचा पुडा जातो आणि नऊला पुन्हा ताटभर जेवण. हे वर्णन तुमच्या घराशी जुळत नसेल तर उत्तमच. जुळत असेल, तर रोजच्या दहा रुपयांचे महिन्याला तीनशे होतात, आणि लेकराचे वजन त्या तीनशे रुपयांतून वाढत असते. मुलाला "खाऊ नको" म्हणण्यापेक्षा तो पुडा घरात येणारच नाही, अशी व्यवस्था करा. त्या जागी मूठभर फुटाणे, थोडे फल्लीदाणे, उकडलेल्या शेंगा, बोर-पेरू-संत्रे यांपैकी काहीतरी डब्यात भरून त्याच्या हाताला लागेल असे ठेवा. संत्र्याचा रस काढून देऊ नका, फोडी खाऊ द्या. आणि हा नियम एकट्या मुलासाठी करू नका. घरातल्या बाकीच्यांनी शेव-चिवडा खायचा आणि त्याने समोर बसून काकडी चावायची, यात त्याचा अपमान आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला अपमान चांगला कळतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पूर्ण कुटुंबाला बरोबर घेऊन, तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास समोरासमोर मार्गदर्शन, हा उपचाराचा पाया मानला आहे. आपल्याकडे इतका वेळ कोणत्या दवाखान्यात मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून ते काम घरालाच करावे लागते.

सासूबाईंवर रागावू नका. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिला आणि गावात लेकरे वाळताना पाहिली, त्यांना भरल्या अंगाचा नातू पाहून धीर येणे स्वाभाविक आहे. शिवाय हा मुलगा दोन किलोचा जन्मला होता. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात दिसले, की आपल्याकडची बाळे वजनाने लहान जन्मली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते. अशा मुलाचे वजन पुढे झपाट्याने वाढत गेले, तर मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही सगळ्यांनी त्याला अधिक खाऊ घातले, त्याच कारणासाठी आता हात राखायला हवा. हे आजींना तुम्ही सांगितले तर सुनेचे बोलणे वाटेल. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच सोबत न्या आणि नातवाच्या मानेबद्दल डॉक्टरांनाच बोलू द्या. फुटाण्यांचा डबा भरून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे दिले, तर लाड करण्याचा त्यांचा हक्कही जाणार नाही.

वजन किती उतरवायचे, याचा आकडा मनात धरू नका. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नसते. या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वर्षभर वजन ४७ किलोवरच रोखून धरता आले आणि उंची १४३-१४४ पर्यंत गेली, तर एक किलोही न उतरवता त्याचा बॉडी मास इंडेक्स २३ च्या खाली येईल. त्यापुढे काय करायचे, वजन हळूहळू उतरवायचे का, हे डॉक्टरांच्या देखरेखीत ठरेल. खेळ रोज किमान तासभर आणि धाप लागेल असा हवा. चिडवणारी मुले मैदानावर असतील तर आधी सायकल, मग घरातल्या कोणासोबत शेतापर्यंत चालणे, असे सुरू करा. झोप नऊ तासांहून कमी नको. तो झोपेत जोरात घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे एक-दोन रात्री लक्ष देऊन पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

तपासणीसाठी आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मुलगा दाखवता येतो. तिथून पुढे पाठवण्याची सोय आहे. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, यकृताची एसजीपीटी आणि कोलेस्टेरॉल एवढ्या तपासण्या या वयाच्या लठ्ठ मुलासाठी करून घ्याव्यात. त्यांत काही निघाले, तर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथील बालरोग विभागात दाखवा. मुलाला सारखी तहान लागत असेल, रात्री लघवीला वारंवार उठावे लागत असेल, किंवा काही न करता वजन उतरू लागले असेल, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी साखर तपासा. दम्यासाठी किंवा खाजेसाठी कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने दिली असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा; गावात "ताकदीची" म्हणून दिलेली औषधेही दाखवा.

आता तो घरात आलेला डबा. डब्यावरची मुदत संपलेली नसेल, मुलगा अन्यथा ठणठणीत असेल आणि प्रतिकारशक्ती कमी करणारे कोणतेही औषध त्याला चालू नसेल, तर महिनाभर कॅप्सूल दिल्याने बहुधा फारसे बिघडणार नाही. सुरुवातीला पोटात वायू धरेल किंवा शौचाला थोडे पातळ होईल इतकेच. तरी तपासण्यांचे कागद हातात येईपर्यंत तो फोडू नका, आणि डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. न फोडलेला डबा दुकानात परत घेतात का, हे दिरांनाच विचारा. त्यांनी पुतण्यासाठी धडपड केली आहे, तेव्हा "तुमचे औषध खोटे" असे त्यांना म्हणू नका. कोणत्या वाणाचा जिवाणू आहे आणि तो लठ्ठ मुलांवर कुठे तपासला आहे, एवढेच त्यांना कंपनीच्या प्रतिनिधीकडून विचारून आणायला सांगा. दुकानात वजनकाटा असेल, तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलाला तिथे नेऊन वजन करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. उंची घरीच भिंतीला टाचा टेकवून, डोक्यावर आडवे पुस्तक धरून मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपने घ्या. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे आणि रक्ताचे अहवाल हाती आले की मला पुन्हा लिहा.